पावती रद्द आणि चेक परत: एका फुगलेल्या कंट्रोलरची वाटणी

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी कंपनी आहे, हाउसिंग सोसायट्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर बनवते. नाव देत नाही, काही तपशीलही मुद्दाम जरा बदललेत. मी तिथे बाहेरून कोड रिव्ह्यू करायला जायचो म्हणून हे प्रकरण जवळून बघायला मिळालं. सगळं लारावेलमध्ये, म्हणजे पीएचपी भाषेत वेबसाइट बनवायच्या एका तयार सांगाड्यात (फ्रेमवर्कमध्ये). काम तसं सगळ्यांच्या ओळखीचं, महिन्याला किंवा तिमाहीला मेंटेनन्सचं बिल निघतं, सभासद चेकने नाहीतर यूपीआयने पैसे भरतात, ऑफिसातला मॅनेजर पावती करतो, थकलं की व्याज लागतं (२०१४ च्या आदर्श उपविधींत वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के, तेही सरळव्याज, असं होतं), आणि वर्षाच्या शेवटी ऑडिटर येऊन एकेका पावतीचा हिशोब मागतो.

पावत्यांचा रिसीट कंट्रोलर (कंट्रोलर म्हणजे ब्राउझरकडून आलेली विनंती घेऊन काम करणारा क्लास, कोडचा एक गठ्ठा) सुरुवातीला अगदी साधा होता. लारावेलमध्ये रिसोर्स कंट्रोलर, म्हणजे एका वस्तूची यादी, फॉर्म, सेव्ह, खोडणं सांभाळणारा, बनवला की सात मेथड (एकेका कामाचा कोड) मिळतात, इंडेक्स, क्रिएट, स्टोअर, शो, एडिट, अपडेट, डिस्ट्रॉय. सभासद, फ्लॅट, पार्किंग असल्या गोष्टींना एवढं पुरतं. पण पावती नुसती भरायची आणि खोडायची गोष्ट नाही ना. ती रद्द होते, चेक परत आला की उलटते, चुकून शेजारच्या फ्लॅटवर पडली तर हलवावी लागते, दोन फ्लॅटचा मिळून एकच चेक आला तर वाटावी लागते, पुन्हा ईमेल करावी लागते, पीडीएफ लागते. जे नवीन काम आलं त्याची एक मेथड त्याच फाइलच्या तळाशी चिकटत गेली आणि दोन-तीन वर्षांत फाइल हजार ओळींच्या पुढे गेली, वरून आठ-दहा प्रायव्हेट मेथड (फक्त त्याच क्लासच्या आतून बोलावता येणाऱ्या), ज्या कोण कोण वापरतं ते बघायला प्रत्येक वेळी सर्च मारायचा.

कन्स्ट्रक्टरची, म्हणजे कंट्रोलर उभा होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मेथडची, वेगळीच गंमत. एसएमएसचा क्लायंट, पीडीएफचा जनरेटर, व्याजाचा कॅल्क्युलेटर, सगळं तिथेच इंजेक्ट केलेलं (आयतं मागवून घेतलेलं). लारावेल कंट्रोलरचा ऑब्जेक्ट बनवताना कन्स्ट्रक्टरमधलं सगळं उभं करतो, तुम्ही कुठली मेथड बोलावताय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे नुसती पावत्यांची यादी उघडली तरी एसएमएसचा क्लायंट तयार होतोय. एकदा एसएमएसवाल्याने दिलेली की (गुप्त चावी) कॉन्फिगमधून (सेटिंगमधून) उडाली तेव्हा पावत्यांची यादीच उघडेना, आणि कोणाला कळेना की यादीचा एसएमएसशी काय संबंध.

अडचण

हे सगळं चालून जात होतं. ठिणगी पडली ती चेक बाउन्सवरून.

चेक परत आला की तीन गोष्टी होतात. पावती उलटते, थकबाकी मूळ ड्यू डेटपासून परत जिवंत होते आणि बँकेचा चार्ज सभासदाच्या नावावर पडतो. पावती रद्द करणं वेगळं, तिथे मॅनेजरने चुकीची एन्ट्री केलेली असते, सभासदाचा काही दोष नसतो, त्यामुळे चार्ज लावायचा प्रश्नच नाही. पण कोडमध्ये दोन्ही कामं एकाच प्रायव्हेट मेथडकडे जात होती, कारण पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दोन्हीत फक्त 'उलट एन्ट्री टाक' एवढंच होतं.

मग बँक चार्जची मागणी आली. एका डेव्हलपरने त्या मेथडला एक जास्तीचा पॅरामीटर (बोलावताना द्यायची माहिती) दिला, चार्ज लावायचा की नाही, आणि त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू, म्हणजे काही दिलं नाही तर धरायचं उत्तर, ठेवली 'हो'. बाउन्सवालं काम टेस्ट केलं, बरोबर चाललं. रद्दवाली मेथड तीनशे ओळी वर होती, तिथला कॉल कोणी बघितलाच नाही, तो पॅरामीटर न देता जात राहिला आणि डिफॉल्टप्रमाणे 'हो' झाला. पुढच्या बिलात ज्यांच्या पावत्या मॅनेजरच्या चुकीने रद्द झाल्या होत्या त्यांना चेक बाउन्सचा चार्ज लागून आला, आणि यातले काही तर यूपीआयवाले! सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय झालं असेल ते सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.

डेव्हलपरचं म्हणणं, "सर, मी तर बाउन्समध्येच चेंज केला होता." आणि ते खरंच होतं, त्याच्या डोक्यात तो फक्त बाउन्समध्येच होता.

ते निस्तरताना अजून एक सापडलं, आणि माझ्या मते हे जास्त गंभीर होतं. परवानगीचं मिडलवेअर (विनंती मेथडपर्यंत पोचायच्या आधीची चौकी) कन्स्ट्रक्टरमध्ये लावलेलं आणि त्याला 'ओन्ली' म्हणून मेथडच्या नावांची यादी दिलेली. 'ओन्ली'चा अर्थ सरळ आहे, यादीत नाव असेल तरच तपासणी. पावती हलवायची मेथड नंतर आली होती, तिचं नाव यादीत टाकायचं राहून गेलं, म्हणजे लॉगिन असलेला कोणीही, अगदी साधा सभासदसुद्धा, तो यूआरएल मारून पावती एका फ्लॅटवरून दुसऱ्यावर हलवू शकला असता. लॉग तपासले, तसं कोणी केलेलं दिसलं नाही. पण त्या दिवशी मीटिंगला कोणी चहासुद्धा मागवला नाही.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय, डिफॉल्ट 'नाही' करा, यादीत एक नाव टाका आणि पुढे चला. हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) म्हणून हेच केलं, त्यात वाद नव्हता. वाद होता तो त्याच्यानंतर काय करायचं याचा.

कोणीतरी ट्रेट (कोडचा तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवून क्लासला जोडायची पीएचपीची सोय) सुचवला, रद्दचा एक, बाउन्सचा एक, पीडीएफचा एक. मी याला सरळ नाही म्हणालो. एकाच खोलीत पडदे लावून तीन खोल्या झाल्या म्हणण्यासारखं आहे ते. क्लास एकच राहतो, प्रायव्हेट मेथड सगळ्यांना दिसतात, कन्स्ट्रक्टरही तोच, फक्त कोड शोधायला अजून तीन फाइली उघडायच्या.

आणखी एक सूचना, सगळं रिसीट सर्व्हिस नावाच्या क्लासमध्ये हलवा. ऐकायला बरं वाटतं, पण हजार ओळी या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये गेल्या तर फुगलेली फाइल फुगलेलीच राहते आणि तो चार्जवाला पॅरामीटरही तिच्याबरोबर जातो.

चौथा पर्याय मला मनापासून आवडणारा. क्रियापदाचं नाम करायचं. म्हणजे 'पावती रद्द करणे' असं न म्हणता 'रद्दीकरण' ही स्वतंत्र वस्तू मानायची, तिचा स्वतःचा रिसोर्स कंट्रोलर, त्यात फक्त स्टोअर मेथड. सातच मेथडच्या शिस्तीत राहता येतं. पण टीममध्ये हे पटेना. रद्दीकरण जमतं, पण 'पुन्हा ईमेल करणे' याचं काय करणार, पुनर्प्रेषण? मॅनेजर, सपोर्टवाली मुलगी, ऑडिटर सगळे 'पावती रद्द करा', 'चेक परत मारा' असंच बोलतात, आणि जिथे शेवटी एकच स्टोअर मेथड असणार तिथे तिला स्टोअर म्हणून काय मिळणार हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

पाचवा पर्याय एका कामाचा कंट्रोलर. पीएचपीमध्ये डबल अंडरस्कोअर इन्व्होक नावाची मॅजिक मेथड ५.३ पासून, म्हणजे २००९ पासून आहे, ऑब्जेक्टला फंक्शनसारखं बोलावलं की ती चालते. लारावेलमध्ये मेक कंट्रोलर कमांडला इन्व्होकेबल हा फ्लॅग दिला की तेवढी एकच मेथड असलेला क्लास तयार मिळतो आणि राउटमध्ये (कुठल्या यूआरएलला कुठला कोड चालवायचा त्या नोंदीत) मेथडचं नाव न देता फक्त क्लास दिला की झालं. सिम्फनी या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्कमध्येही हे चालतं, लारावेलची काही वेगळी जादू नाही.

ठरलं ते असं की सरसकट सगळं फोडायचं नाही. कसोटी एकच, ज्या कामाचे स्वतःचे नियम आहेत, म्हणजे कोणी करायचं, केव्हा चालतं, केल्यावर आणखी काय काय हलतं, त्याला स्वतःचा कंट्रोलर. बाकी यादी, फॉर्म, सेव्ह हे रिसोर्समध्येच राहू दे. या कसोटीने पावतीमधून सहा कामं बाहेर पडली: रद्द, चेक परत, हलवणे, वाटणे, पुन्हा ईमेल आणि पीडीएफ. पीडीएफवर जरा तू तू मैं मैं झालं, तिला नियम काय? पण ती सभासदाला लॉगिनशिवाय साइन्ड यूआरएलने (सर्व्हरने सही केलेल्या लिंकने) दिसते, म्हणजे परवानगीचा नियम बाकीच्यांपेक्षा वेगळा, म्हणून तीही बाहेर.

काय केलं

पहिलं काम कोड नव्हतंच. राउट लिस्ट कमांडचं आउटपुट जेसन या डेटा फॉरमॅटमध्ये काढून ठेवलं, यूआरएल, राउटचं नाव, मिडलवेअर सगळ्यासकट. प्रत्येक तुकडा कापून झाला की परत काढायचं आणि फरक बघायचा. यूआरएल आणि नाव बदललं नाही पाहिजे, मिडलवेअर बदललं तर का बदललं ते सांगता आलं पाहिजे. साइन्ड यूआरएलची सही त्या यूआरएलवर असते, मागे कुठला क्लास आहे याच्याशी तिचा संबंध नाही, त्यामुळे सभासदांच्या मेलमध्ये पडलेल्या जुन्या लिंक चालूच राहिल्या. त्रास झाला तो ब्लेडच्या (लारावेलमध्ये पानं ज्यात लिहितात त्याच्या) काही टेम्प्लेटमध्ये, तिथे कोणीतरी लिंक बनवणारा ॲक्शन हेल्पर वापरून कंट्रोलर आणि मेथडचं नाव स्ट्रिंगमध्ये लिहिलं होतं. ती पानं उघडली की फुटायची. ती सगळी राउटच्या नावावर आणली.

नंतर नावं. क्रियापद आधी, कॅन्सल रिसीट कंट्रोलर, मार्क चेक बाउन्स्ड कंट्रोलर, असं. सगळे रिसीट्स नावाच्या फोल्डरमध्ये. इथे एक बारीक पण कामाची गोष्ट दिसली. 'वाटणे' या कंट्रोलरला नाव देताना मध्ये 'अँड' यायला लागला, वाटा आणि ईमेल करा. म्हणजे दोन कामं होती. ईमेलचं काम तिथून काढून पावती तयार झाल्याच्या इव्हेंटवर टाकलं, म्हणजे पावती झाली की ते आपोआप चालतं.

परवानगीसाठी प्रत्येक कंट्रोलरला स्वतःचा फॉर्म रिक्वेस्ट (परवानगी आणि भरलेली माहिती तपासणारा क्लास) दिला. त्याच्यातली ऑथराइझ मेथड आधी चालते, मग रूल्स, आणि हे दोन्ही पास झालं तरच कंट्रोलरमधली पहिली ओळ चालते. कमांडने बनवलेल्या फॉर्म रिक्वेस्टमध्ये ऑथराइझ मुळात 'फॉल्स' देतो, म्हणजे हात लावला नाही तर सगळ्यांना ४०३ (परवानगी नाही). हे मला फार आवडतं, कारण 'ओन्ली'च्या यादीत विसरलं तर दार उघडं राहतं, इथे विसरलं तर दार बंद राहतं आणि दहा मिनिटांत कोणीतरी ओरडतं. फक्त 'चालत नाहीये' म्हणून डोळे झाकून 'ट्रू' करायची सवय असते लोकांना, त्याच्यावर रिव्ह्यूमध्ये नजर ठेवावी लागते. नाहीतरी कन्स्ट्रक्टरमधून मिडलवेअर लावायची जुनी पद्धत लारावेल ११ च्या (मार्च २०२४) नव्या प्रोजेक्टमध्ये तशीच चालत नाही, बेस कंट्रोलर (बाकीचे कंट्रोलर ज्याच्यावर बेतलेले असतात तो) जवळपास रिकामाच येतो, त्यामुळे पुढेमागे हे करावंच लागलं असतं.

राउट मॉडेल बाइंडिंग (यूआरएलमधल्या नंबरवरून डेटाबेसमधली ओळ काढून देणं) इन्व्होक मेथडमध्येही चालतं, पॅरामीटरला रिसीट असा टाइप दिला की पावती आपोआप येते. पण यूआरएलमध्ये सोसायटी आणि पावती दोन्ही असतील तर ती पावती त्याच सोसायटीची आहे का हे लारावेल आपणहून दरवेळी बघत नाही, राउटला स्कोप बाइंडिंग्स सांगावं लागतं. जुन्या मोठ्या कंट्रोलरमध्ये ही तपासणी एका प्रायव्हेट मेथडमध्ये होती आणि काही मेथड तिला बोलवायच्या, काही नाही. नवीन फाइली इतक्या छोट्या झाल्या की तपासणी नसली तर ती नसणं लगेच डोळ्यात यायचं.

आता मुख्य निर्णय, त्या कुप्रसिद्ध प्रायव्हेट मेथडचं काय करायचं. पहिल्या फेरीत ती दोन्ही कंट्रोलरमध्ये कॉपी केली. मी अडवलं नाही. मला बघायचं होतं की दोघांना आपापलं घर मिळाल्यावर किती सारखं उरतं. बरंच वेगळं निघालं, चार्ज, व्याजाची तारीख, सभासदाला जाणारा मेसेज, सगळं वेगळं. खरंच सारखं होतं ते एवढंच की लेजरमध्ये उलट एन्ट्री टाकायची आणि पावतीचा स्टेटस बदलायचा. तेवढ्याचा रिव्हर्स रिसीट नावाचा साधा क्लास केला, त्याला कंट्रोलरबद्दल काही माहीत नाही, रिक्वेस्ट माहीत नाही, आणि चार्ज लावायचा का वगैरे प्रश्न तो विचारत नाही. चार्ज ही चेक परतवाल्याची जबाबदारी.

त्या क्लासमध्ये एक जुना त्रासही मिटला. नेट स्लो असलं की मॅनेजर रद्दचं बटण दोनदा दाबायचे आणि कधीकधी दोन उलट एन्ट्र्या पडायच्या. ट्रान्झॅक्शनच्या आत (जिथे डेटाबेसमधले बदल एकतर सगळे होतात नाहीतर एकही नाही) पावतीची ओळ लॉक फॉर अपडेटने घ्यायची, म्हणजे दुसऱ्या दाबण्याला थांबावं लागतं, आधीच उलटलेली असेल तर तिथेच थांबायचं. आणि मेसेजचा जॉब कमिट झाल्यावरच (बदल डेटाबेसमध्ये पक्के झाल्यावरच) क्यूमध्ये (मागे चालणाऱ्या कामांच्या रांगेत) जाईल असं केलं, आधी तो कधीकधी कमिटच्या आधीच धावायचा आणि जुना स्टेटस वाचायचा.

एक सूचना मी हाणून पाडली. सगळ्या कंट्रोलरच्या शेवटी 'मागे जा आणि हिरवी पट्टी दाखव' असल्या तीन ओळी सारख्याच होत्या, म्हणून एका डेव्हलपरला बेस क्लास करायचा होता, कामाच्या आधी-नंतर चालणारे बिफोर, आफ्टर असे हुक असलेला. तीन ओळींसाठी तेच जुनं घर नव्या पत्त्यावर बांधायचं काही कारण नव्हतं.

काय झालं

कॅन्सल रिसीट कंट्रोलर आता फॉर्म रिक्वेस्ट घेतो, पावती घेतो, रिव्हर्स रिसीटला काम देतो, रीडायरेक्ट करतो, एका नजरेत संपतो. एडिटरमध्ये नाव टाइप केलं की थेट फाइल. गिटमधले (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमधले) मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांच्या बदलांच्या टकरी, पावतीच्या बाबतीत जवळपास गेले, कारण दोघं जण एकाच फाइलच्या तळाशी मेथड चिकटवायला येत नाहीत. सगळ्यात बरं म्हणजे बँकेकडून परत आलेल्या चेकची एक्सेल फाइल एकदम चढवायची मागणी आली तेव्हा आर्टिझन कमांड (लारावेलची टर्मिनलवरून चालणारी कमांड) लिहून त्यातून चेक परतचंच काम बोलवायचं होतं, आणि इथेच कळलं की चार्जचं लॉजिक कंट्रोलरमध्ये ठेवलेलं चालणार नाही. ते तेव्हा काढून वेगळ्या क्लासमध्ये टाकलं. आधीच का नाही टाकलं असं एकाने विचारलं. तोपर्यंत बोलावणारा एकच होता, म्हणून. दुसरा आला तेव्हा हलवलं, त्याला फार वेळही लागला नाही.

वाईट काय झालं तेही आहे. राउट फाइलच्या डोक्यावर यूज स्टेटमेंटची (कुठले क्लास वापरायचे ते सांगणाऱ्या ओळींची) भलीमोठी रांग झाली. आणि इन्व्होकेबल कंट्रोलरची एक खोड अनुभवाला आली जी बऱ्याच जणांना माहीत नसते. कंट्रोलर आणि मेथड अशी जोडी दिली असेल तर क्लासचं नाव चुकलेलं असलं तरी ते तो यूआरएल उघडेपर्यंत कळत नाही. इन्व्होकेबलचं उलट, राउट नोंदवतानाच लारावेल तपासतो की क्लासमध्ये इन्व्होक आहे का, आणि नसेल तर 'इनव्हॅलिड राउट ॲक्शन' म्हणून तिथेच थांबतो. मग तो एक यूआरएल नाही, अख्खी साइट बंद. एका डेव्हलपरने विंडोजवर फाइलच्या नावात एक अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल ठेवलं, त्याच्या मशीनवर मस्त चाललं, लिनक्स सर्व्हरवर क्लास सापडेना. डिप्लॉयमध्ये (नवा कोड सर्व्हरवर चढवताना) राउट कॅश करायची, म्हणजे सगळे राउट एकदाच वाचून तयार ठेवायची, स्टेप होती, ती तिथेच फुटली आणि नवीन रिलीज लाइव्ह गेलंच नाही, म्हणून वाचले. ती स्टेप नसेल तर आधी घाला, मग कंट्रोलर फोडायला घ्या. याच तपासणीमुळे राउट कॅश नसताना प्रत्येक रिक्वेस्टला सगळे इन्व्होकेबल क्लास लोड होतात, त्यामुळे 'इतक्या फाइलींनी साइट स्लो होईल का' याचंही उत्तर तेच, कॅश करा आणि विसरा.

शिवाय उत्साह जास्त झाला. एका डेव्हलपरने सभासदाच्या फॉर्मचेही तुकडे केले, फॉर्म दाखवणारा वेगळा, सेव्ह करणारा वेगळा, एडिटचा वेगळा. एक फील्ड वाढवायचं तर चार फाइली उघडा. त्या कामांना स्वतःचे नियम काहीच नव्हते, मुकाट्याने रिसोर्स कंट्रोलरवर परत आणलं. नंतर टेस्टमध्ये एक नियम घातला की कंट्रोलरमध्ये एकतर फक्त इन्व्होक, नाहीतर त्या सातमधल्याच पब्लिक मेथड, आठवी चालणार नाही. पेस्ट या टेस्टिंग टूलच्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये लारावेलचा तयार आर्किटेक्चर प्रीसेट आहे तोही साधारण असंच बघतो.

वेगळं काय करता आलं असतं

टेस्ट आधी हव्या होत्या. कापाकापी सुरू झाली तेव्हा पावतीच्या टेस्ट जवळजवळ नव्हत्याच, आणि ज्या होत्या त्या कंट्रोलरचा ऑब्जेक्ट बनवून थेट मेथड बोलवणाऱ्या, म्हणजे क्लास बदलला की त्या फुटणारच. यूआरएलवर पोस्ट मारून लेजरमध्ये काय पडलं ते तपासणाऱ्या टेस्ट असत्या तर मागे एक कंट्रोलर आहे की सहा, त्यांना काही फरक पडला नसता. रद्द केल्यावर चार्ज लागत नाही ही एक टेस्ट असती तर मुळात व्हॉट्सॲपवरचा तमाशाच झाला नसता.

क्रमही मी उलटा धरला असता. टीमने सोपं म्हणून पीडीएफ आणि ईमेलपासून सुरुवात केली, हात बसायला ते बरं, पण परवानगी नसलेली 'हलवणे' ही मेथड त्यामुळे बरेच दिवस हॉटफिक्सच्या एका ओळीवर तगून राहिली. जिथे पैसे इकडचे तिकडे होतात ते आधी काढायला हवं होतं.

मोबाइल ॲपचा प्रश्न अर्धवट राहिलाय. रद्दचा कंट्रोलर आधी जेसन मागितलंय का ते बघून दोन प्रकारची उत्तरं द्यायचा. आता एपीआयसाठी (ॲप ज्याच्याशी बोलतं त्या दारासाठी) वेगळे कंट्रोलर केलेत, पण फॉर्म रिक्वेस्ट दोघांचा एकच, आणि ॲपवाल्यांना रद्द करण्याचं कारण सक्तीचं नकोय, वेबवाल्यांना हवंय. आत्ता त्या फॉर्म रिक्वेस्टमध्ये एक इफ (अट) बसलाय. तो तिथे राहू द्यायचा की दोन रिक्वेस्ट करायच्या यावर टीमचं एकमत झालेलं नाही, माझं मत दोनच्या बाजूने आहे.

बिल कंट्रोलरला अजून कोणी हात लावलेला नाही. तो रिसीटपेक्षाही मोठा आहे, पण मार्चअखेर संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं मॅनेजमेंटने सांगितलंय, आणि सोसायट्यांचं ऑडिट तोंडावर असताना ते बरोबरच आहे.